काडी मोडनी

आमच्या घरात मारायला म्हणून वेगळी छडी नव्हती. हाताला येईल त्यावर भागायचं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तेवढा पट्टा ठरलेला होता: ट्रकचा जुना फॅनबेल्ट. तो दुकानातल्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि नवं गिऱ्हाईक तो विकायचा समजून भाव विचारायचं. माय लाटण्यानं मारायची, पण मारता मारता तीच रडायला लागायची, त्यामुळे तिचा नेम चुकायचा. मला कुणी हत्यार देत नव्हतं, म्हणून मी चावायचे. शेजारी गाड्यांच्या बॉडीचं काम करणारे लतीफचाचा एकदा आबांना आवरायला मधे पडले, तर मी घाईत त्यांनाच चावले. पुढे कितीतरी वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मनगट दाखवायचे, "ये देखो, सुमी के दाँत." माझी नात हे वाचून विचारते, "आजी, दिवसभर मारामारी आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचात?" हो बाई. मार वेगळा, भाकरी वेगळी. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा समोर आला की डोळ्यांतून पाणी का येतंय ते कुणी कुणाला विचारत नसे, ही ठेच्याची मोठी सोय होती.

दुकान धुळ्यात, आग्रा रोडला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे गोणपाटाचा पडदा. ट्रकांचे हॉर्न, लतीफचाचांचा पत्र्यावरचा हातोडा आणि आबांचा आवाज, या तिन्हींत आबांचा वरचढ. बॅटरी, डायनॅमो, वायरिंग यात पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत त्यांचं नाव होतं. फक्त एक गोष्ट घराबाहेर कुणाला सांगायची नव्हती. आबांना दिसत नव्हतं. मोतीबिंदू उतरत होता आणि ते ऑपरेशनला घाबरत होते. लाल वायर आणि तपकिरी वायर त्यांना एकच. एकदा त्यांनी हट्टानं स्वतः जोडणी केली, तर त्या ट्रकचा हॉर्न सोनगीरपर्यंत थांबला नव्हता म्हणतात. तेव्हापासून आबा बॉनेटवर वाकून मोठमोठ्यानं "पाना दे, टेप दे" असं ओरडायचे आणि गाडीखाली पडून काम मी करायचे. चुकले की पट्टा. त्यामुळे मी दोन विद्यांत लवकर तयार झाले. एक वायरिंग, दुसरी वळ ओळखणं. पट्ट्याचा वळ दोन रेघांचा, मधे कोरा. वायरचा वळ बारीक, लाल, दुसऱ्या दिवशी खाजणारा. लाटण्याचा वळ नसतोच, नुसता निळा गोळा. गल्लीतल्या कुठल्याही बाईची पाठ पाहून तिच्या घरात काय वस्तू आहे ते मी सांगू शकत होते. अशी हुशार मुलगी दहावीला गणितात दोनदा आपटली, कारण तिथे हे विचारत नाहीत.

आणि अशी हुशार मुलगी सतराव्या वर्षी एका गाडीच्या प्रेमात पडली. माणसाच्या म्हणायला हवं, पण खरं सांगते, आधी गाडी, मग माणूस. जळगावचे रमणभाऊ, केळीच्या मालाचे ट्रक चालवणारे. त्यांच्या ट्रकांची वायरिंगची कामं आमच्याकडे. त्यांनी मुंबईच्या कुठल्याशा शेठकडून एक जुनी परदेशी गाडी आणली होती. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की पहिल्यांदा आली तेव्हा माय म्हणाली, "हाई रस्तामा फसनी का काय?" दिव्यांना झाकणं होती. बटण दाबलं की दिवे डोळे उघडून वर यायचे, म्हणून आग्रा रोडवर तिचं नाव पडलं बेडकी. पण माझा जीव तिच्या एरियलवर. रेडिओ लावला की मागच्या मडगार्डच्या भोकातून चकचकीत काडी गुंईऽऽ करत आपोआप वर यायची, पुंगी ऐकून टोपलीतून नाग यावा तशी. रेडिओ बंद केला की पुन्हा बिळात. पहिल्या भेटीत फ्यूज तपासायच्या नावाखाली मी रेडिओ वीस वेळा तरी लावला आणि बंद केला असेल. रमणभाऊ काचेला टेकून पाहत होते. हसून म्हणाले, "सुमे, बॅटरी संपवशील." त्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले. केसांना चमेलीचं तेल, नखांत ग्रीस, आणि आरशासमोर मान वाकडी करून "बॅटरी संपवशील" म्हणणारी ती बावळट पोरगी आज माझ्यासमोर आली, तर तिला खिळ्यावरच्या पट्ट्यानं नाही, पण लाटण्यानं नक्की झोडपीन.

मग एका दुपारी रमणभाऊंचा ट्रक ड्रायव्हर सुपडू आला. सुपडू भला माणूस, पण त्याचं वाक्य नेहमी शेपटीकडून सुरू व्हायचं. चहाची बशी तोंडाला लावून तो म्हणाला, "आबा, भाऊनी काडी मोडनी ना."

आमच्याकडे काडी मोडली याचे दोन अर्थ. एक सरळ, काडी मोडली. दुसरा काडीमोड. नवरा-बायकोचं पटेनासं झालं की पाच माणसांसमोर गवताची काडी मोडतात, दोन तुकडे दोघांच्या हाती देतात, की संपलं. सुपडू एरियलच्या काडीबद्दल बोलत होता. आबांनी दुसरा अर्थ घेतला. रमणभाऊंचं लग्न झालेलं, मूलबाळ नाही, घरात कुरबुर, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

"काय सांगस!" आबांचा आवाज खाली आला. "पुरी मोडनी?"

"बुडपाईन मोडनी. जोडानी काही आशा नही."

"अरेरे. मंग आते?"

"आते काय, नवी आननी पडी."

आबांनी पडद्याकडे मान वळवली. पडद्यामागे माझे कान होते, ते त्यांना दिसले नाहीत तरी माहीत होते. "नवीनी चिंता भाऊले कसाले? मनी आंडेर शे ना!" म्हणजे, माझी मुलगी आहे की.

सुपडूला वाटलं, आबांनी शेवटी कबूल केलं की काम मुलगीच करते. तो खुश होऊन म्हणाला, "तेच तर! भाऊबी तेच सांगतस, सुमीले सांग म्हने. ऐतवारले गाडी लई येतस."

रविवारपर्यंत आमच्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. एवढी शांतता की लतीफचाचा येऊन विचारून गेले, कुणी आजारी आहे का. रविवारी मायनं मांडे केले. मांडे म्हणजे खापरावर टाकायची हातभर पुरणपोळी. दोन्ही हातांवर नाचवत मोठी करायची, कोपरापर्यंत बाई भाजते. बाहेर वैशाखाचं ऊन, आत चुलीचा जाळ, आणि माय इतक्या आनंदात की गाणं म्हणत होती. आबांनी रीत म्हणून पाच माणसं जमवली: स्वतः, लतीफचाचा, पंक्चरवाले नाना आणि आणखी दोन शेजारी. ट्रकची जुनी सीट काढून तिच्यावर त्यांना ओळीनं बसवलं. मला मायची गुलाबी नायलॉनची साडी. वरून पावडर इतकी की लतीफचाचा म्हणाले, "बेटी, हे प्रायमर आहे, का फायनल रंग?"

बेडकी आली. रमणभाऊ उतरले. आणि दुसऱ्या दारातून एक बाई उतरली. पंचविशीची, डोक्यावर पदर, एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं हिरवं पोलकं. आबांना फक्त हिरवं काहीतरी दिसलं. त्यांनी समज करून घेतला, बहीण असेल, मुलगी बघायला आणली असेल. रमणभाऊंनी मागचं काचेचं झाकण उघडलं आणि गोणीतून वस्तू काढून माझ्या गुलाबी पदरासमोर मांडल्या: एक मोटर, एक कोरी काडी, आणि एक मोडकी, वाकडी काडी. "सुमे, बसव."

आबा ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ते पंचांकडे तोंड करून उभे राहिले आणि पाठ केलेलं बोलू लागले, "भाऊ, झायं ते झायं. पहिली काडी मोडनी ती मोडनी. मनी आंडेर गरीबनी शे, पण..."

रमणभाऊंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते गाडीच्या टपाला धरून हसले. "आबा! एरियलनी काडी मोडनी हो, एरियलनी! बायको तं हाई काय, उभी शे समोर. निर्मला, राम राम कर."

पाच माणसं आपापल्या पायाचे अंगठे पाहू लागली. आत खापरावर काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं, जमीन फाटावी, आणि नाही फाटली तर निदान जॅक घसरून बेडकी तरी अंगावर पडावी. पण रमणभाऊंचं हसू थांबलं आणि ते माझ्याकडे पायापासून वर पाहत आले. ट्रकचा माल पाहतात तसं. "पण आबा, बोलना ते खोटं कसाले करानं? काडीमोडनी गरजच काय? हाई राहीन भांडा घासाले, सुमी राहीन गाडीले."

नाना हळूच म्हणाले, "भाऊ, दोन बायका कायद्यात बसत नाही."

"कायदा आग्रा रोडले ऱ्हास, नाना. घरमा येस का?"

आबा नाही म्हणाले नाहीत. आणि मी? साठी उलटल्यावर खोटं कशाला लिहू. मी मनानं लगेच गाडीत जाऊन बसले. पुढच्या सीटवर मी, माझ्या बोटाखाली रेडिओचं बटण, आणि मागच्या सीटवर भांडी. बाई तिथे समोर उभी होती आणि मी तिला मनातल्या मनात मागच्या सीटवर बसवून मोकळी झाले होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी हिंसा कुठली म्हणून विचाराल, तर पुढे आहे ती नव्हे, ही.

पदर खोचून मी कामाला लागले. त्या गाडीत डिकी आणि आतली सीट एकच. काचेच्या झाकणातून वाकलं की पुढच्या सीटपर्यंत सरळ दिसायचं. निर्मलाला त्यांनी पुढे रेडिओपाशी बसवलं, कारण या कामाला दोन माणसं लागतात. काडीच्या बुडाला दात्यांची नायलॉनची दोरी असते. मागच्याने ती भोकात धरायची, पुढच्याने रेडिओ बंद करायचा, की मोटर दात्यांनी दोरी आत ओढते आणि काडी बसते. आधी जुनी मोटर काढायची होती. आतला गालिचा उचलला, तीन वायरी सोडवल्या, मडगार्डवरची चकती प्लायरनं फिरवली. मोटर हातात आली तशी जळका वास आला. आतले तारांचे वेटोळे काळे पडलेले. अशी मोटर तेव्हाच जळते, जेव्हा ती वर ढकलत राहते आणि वरून कुणीतरी सोडत नाही. रमणभाऊ म्हणाले होते, निंबाची फांदी अडकली. मी मोडकी काडी हातात घेतली. फांदीला अडकलेली काडी एका ठिकाणी कोनात दुमडते. ही सबंध कमानीसारखी वाकलेली होती. गोल कशावर तरी बसलेली, पुन्हा पुन्हा. एकात एक शिरणारे तिचे तीन टप्पे, जाड, मधला, बारीक. पहिल्या सांध्यात एक हिरवा धागा अडकला होता.

मी मान वर केली. निर्मला बटणाकडे वाकली होती आणि पोलक्याचा गळा मागून सैल पडला होता. तिच्या पाठीवर मला माहीत नसलेला वळ होता. एकच वळ, पण सुरुवातीला बोटाएवढा, मग निम्मा, मग सुईसारखा. तीन टप्पे. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. आणि खाली अजून.

मी एवढी शहाणी, तरी तोंडातून काय निघालं पाहा: "वहिनी, निंबाच्या झाडाला अडकली होती ना?"

तिनं मान न वळवता विचारलं, "कोनतं झाड? मीच ते झाड."

मग मी वायरी जोडत होते तेवढ्या वेळात, घरात मीठ कुठे ठेवलंय ते नव्या सुनेला सांगावं अशा आवाजात तिनं सगळं सांगितलं. त्यांना राग आला की ते पहिले अंगणातल्या गाडीत रेडिओ लावतात, पूर्ण आवाजात, म्हणजे शेजाऱ्यांना काही ऐकू जात नाही. घरातून गाडी दिसते. काडी वर यायला लागली की तिला समजायचं. एक दिवस तिनं पळत जाऊन काडी वरून धरून ठेवली. "दोन्ही हात लाईसन धरी ठेवी. मन्हामा जोर तं कितला, पण सोडी नही. मोटर रडी रडी जळी गई. मंग त्यासनी ती उपटी लिधी." एवढं बोलून ती थांबली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "तू येशी तवं एक ध्यानमा ठेव, बहीण. जाड टोक सोसाई जास. बारीक टोकच जास्त लागस."

"काय गप्पा शे वं?" रमणभाऊ दाराशी आले. निर्मला दचकली आणि तिच्या बोटानं बटण भलत्या वेळी फिरलं. निम्मी आत गेलेली दोरी कटकट करत उलटी बाहेर आली, नवी काडी माझ्या हातातून निसटून जमिनीवर पडली. रमणभाऊंनी खिडकीतून हात घालून तिचे केस धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. तिच्या भुवईतून रक्त सरळ हिरव्या पोलक्यावर आलं. आबा सीटवरून म्हणाले, "भाऊ, हळू. काच फुटी जाई." हे वाक्य मी आबांना कधी माफ केलं नाही. आणि कधी विसरूही दिलं नाही.

माझे हात मात्र चालत होते. हातांना काय, ते पट्ट्याच्या धाकात शिकलेले. काडी उचलली, दोरी पुसली, दाते आतल्या बाजूला धरले. "वहिनी, लावा." गुंईऽऽ. "बंद करा." तिनं रक्ताच्या बोटानं बटण फिरवलं. दोरी सरसर आत गेली, काडी गुळगुळीत खाली उतरली आणि टोकाची गोळी मडगार्डवर टिच्चकन बसली. "परत लावा." काडी वर आली. पूर्ण, सरळ, उन्हात चमकत. रेडिओवर कुणीतरी शेतकऱ्यांना कपाशीवर काय फवारावं ते सांगत होतं.

"वा!" रमणभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात उचलला गेला नाही. "देखा आबा, पोरीना हात. मनी गाडी सुखमा राहीन."

मी काडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. मी विचार केला होता असं लिहिलं तर शोभेल, पण विचार नव्हता. अंगात फक्त चावणं होतं आणि तोंडापाशी काही नव्हतं. काडी डावीकडे आडवी केली, उजवीकडे आडवी केली. मधल्या सांध्याला ती करकरली, तळहात फाटला, आणि ती मोडली. बुडखा मडगार्डमध्ये हलत होता. तोही उपटून काढला, दोरी तुटली. मोटर आत मोकळीच घरघरत राहिली. जाड तुकडा मी खिडकीतून निर्मलाच्या हातात कोंबला. बारीक माझ्याकडे ठेवला आणि ट्रकच्या सीटवरच्या पाच जणांकडे वळून ओरडले, "पाहिलं ना सगळ्यांनी? काडी मोडली! तुमच्या समोर मोडली! वहिनी सुटल्या आणि मीबी येत नाही!"

पुढचं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. रमणभाऊंनी जॅकचा दांडा उचलला तो दिसला नाही, आवाज आला. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं मडगार्ड आणि दांड्याच्या मधे सापडली. (ती आजही वाकत नाहीत. चहाचा कप धरते तेव्हा सुनेला वाटतं, सासूबाई फार नाजूकपणे धरतात.) मी त्यांच्या कानाला चावले आणि सोडलं नाही. त्यांनी माझं तोंड मडगार्डवर आपटलं, पुढचा एक दात गेला, तरी सोडलं नाही. गुलाबी नायलॉन पायात गुंतलं, आम्ही दोघं ग्रीसमध्ये पडलो. माय लाटणं घेऊन धावत आली आणि रडत रडत मारलेला तिचा फटका नेहमीप्रमाणे चुकला. बेडकीचा एक डोळा फुटला. आणि मग खिळ्यावरून पट्टा काढल्याचा तो आवाज आला, जो मी झोपेतसुद्धा ओळखला असता. आबा येत होते. डोळे बारीक करून, पट्टा डोक्यावर फिरवत, नेहमीचं ओरडत, "आज मारीच टाकसू!" मी कान सोडला आणि डोकं पोटात घातलं. सवयच ती. पट्टा शिटी वाजवत आला आणि रमणभाऊंच्या तोंडावर बसला, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. दोन रेघा, मधे कोरं.

ते उठले ते आबांच्याच अंगावर गेले असते, पण मधे लतीफचाचा उभे राहिले. हातात हातोडा, आणि तो माणसावर नाही, बेडकीच्या बॉनेटवर धरलेला. "भाऊ, गाडी प्यारी है ना?"

रमणभाऊ थांबले. कानातून रक्त, गालावर वळ. बायकोकडे पाहून ओरडले, "बठ! बठ पहिले!" म्हणजे गाडीत बस. निर्मला दार उघडून उतरली. हातातला काडीचा तुकडा घट्ट धरून चार पावलं चालली आणि आमच्या उंबऱ्यावर बसली. "बठनू," म्हणाली. बसले. पाच माणसांत सगळ्यात आधी नाना हसले, मग कुणाला आवरलं नाही. हसण्यानं जे झालं ते दांड्यानं झालं नसतं. बेडकी एका डोळ्यानं आग्रा रोडला लागली. रेडिओ चालूच होता आणि तुटकी मोटर दूरपर्यंत कर्र कर्र करत काडी शोधत होती.

मायनं काय केलं, तर निर्मलाची भुवई हळद लावून बांधली, माझ्या बोटांना आधाराला लाटण्याच्याच लाकडाची कामटी बांधली, आणि मुलगी पाहायला येणाऱ्यांसाठी केलेल्या मांड्यांतला सगळ्यात मोठा निर्मलाच्या ताटात वाढला, वर दूध घालून. "जेव," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी निर्मलाचे भाऊ एरंडोलहून येऊन तिला घेऊन गेले.

पुढे त्यांच्या जातपंचांची बैठक बसली. रमणभाऊंचं म्हणणं, काडीमोड झालीच नाही. पंचांनी साक्षीला सुपडूला उभं केलं. त्याला खोटं बोलता येत नसे. "काडी मोडनी का?" "मोडनी." "पुरी?" "बुडपाईन मोडनी. मी सोता धुळाले सांगी उनू." लतीफचाचा, नाना, सगळ्यांनी तेच सांगितलं, मोडली, डोळ्यांनी पाहिली. आता मोडलेली काडी गाडीची, आणि तीही बायकोच्या पाठीवर मोडलेली, हे भर बैठकीत सांगितल्याशिवाय रमणभाऊंना खुलासा करता येईना. पंचांनी काडीमोड धरली. आबांची चूक अशी मागाहून खरी झाली.

आबा सुधारले असं लिहायला मला आवडलं असतं. आठच दिवसांत डाळीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी मायवर पट्टा काढला. मात्र माय या वेळी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो पट्टा खिळ्यावरून काढून फॅनबेल्ट तुटलेल्या एका ट्रकवाल्याला देऊन टाकला. तो इंदूरच्या दिशेनं निघून गेला आणि आबा कितीतरी दिवस खिळ्याला हात लावून परत फिरायचे.

बारीक तुकडा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. परकराची नाडी ओवायला याच्यासारखी वस्तू नाही. टोकाला गोळी असल्यानं कापड फाटत नाही. जाड तुकडा निर्मलाअक्काकडे. ती एरंडोलला पापडाचं काम करते, आणि तिनं मला एकदा फोनवर सांगितलं की त्यानं ती कुत्री हाकलते.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शेवटी मी करून आणलं, माझं लग्न होऊन मुलं झाल्यावर. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझी ती दोन बोटं नीट पाहिली. बराच वेळ हातात धरून पाहत राहिले. तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं माय म्हणायची, त्यांचा नेम तुझ्यावरच होता, दिसलं नाही म्हणून चुकला. मी म्हटलं, "आबा, खरं सांगा. त्या दिवशी पट्टा कुणाला मारायचा होता?"

आबांनी नव्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"ज्याले लागना," म्हणाले, "त्याले."